डाव्या हाताचा कॅमेरा

आमच्या घरात गेलं वर्षभर एक वाद चालू आहे. रविवारी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो की आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे दुपार झालेली असते, तिची जेवणं आटोपलेली असतात. आमची लेक पाच वर्षांची आहे. आजीचं पहिलं वाक्य तब्येतीबद्दल नसतं, इथल्या थंडीबद्दलही नसतं. "अगं, परत डाव्या हाताने? उजव्या हाताने खा बाळा." लेक चमचा मुकाट्याने उजव्या हातात घेते, कॉल संपेपर्यंत तसाच धरते आणि आजी स्क्रीनवरून गेली की चमचा परत डावीकडे. दोघींपैकी कुणीच हरलेलं नसतं.

मी मध्ये पडत नाही, कारण माझं स्वतःचं खातं साफ नाही. मीही डावखुरा होतो. 'होतो' असंच म्हणायला हवं. पहिलीत बाईंनी पेन्सिल एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिली, घरी आईने तेच केलं, आणि वर्षभरात मी उजवा झालो. फार मार खाल्ला, रडलो, असं काही नाही. अक्षर मात्र कायमचं बिघडलं, पण संगणकाच्या पदवीला अक्षर कोण विचारतो! आज मी लिहितो उजव्याने, चेंडू फेकतो डाव्याने, आणि घाईत कुणी 'उजवीकडे वळ' म्हटलं तर क्षणभर थांबतो.

हे सगळं लिहायला बसलो ते एका कॅमेऱ्यामुळे.

मी ड्रेस्डेनला राहतो. हल्ली हे शहर चिपच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं आणि त्यामुळे आपली मंडळीही इथे वाढताहेत. पण चिप येण्याच्या कितीतरी आधी हे कॅमेऱ्यांचं शहर होतं. शनिवारी एल्बे नदीच्या काठी, आल्बर्ट पुलापाशी जुना बाजार भरतो. तिथे चिनीमातीच्या बश्या आणि गंजलेल्या किल्ल्यांच्या ढिगात एक विचित्र आकाराचा कॅमेरा पडलेला दिसला. दोन्ही बाजू तिरक्या, शाळेतल्या भूमितीतला समलंब चौकोन. पुढे नाव कोरलेलं: एक्झाक्टा व्हॅरेक्स IIए. हातात घेतला तेव्हा वजनाने मनगट खाली गेलं. सवयीने उजव्या हाताची तर्जनी वर बटण शोधायला गेली. तिथे एक भलीमोठी चकती होती, दाबण्यासारखं काहीच नव्हतं. मी कॅमेरा उलटासुलटा करत राहिलो. दुकान मांडून बसलेले आजोबा बराच वेळ मजा बघत होते. शेवटी एकच शब्द बोलले, "लिंक्स." डावीकडे.

खरंच, शटरचं बटण पुढच्या अंगाला, डाव्या हाताला होतं. फिल्म पुढे सरकवायचा दांडाही डावीकडेच. डावी तर्जनी बटणावर आणि डावा अंगठा दांड्यावर असे काही जाऊन बसले, की मी घासाघीस करायचंच विसरलो. साठ युरो दिले आणि घरी आलो.

मग अर्थातच रात्रभर वाचत बसलो. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा रोगच असतो.

हा कॅमेरा बनवणारी कंपनी इहागे. योहान स्टीनबर्गन नावाच्या डच माणसाने १९१२ साली ती ड्रेस्डेनमध्ये काढली. लांबलचक जर्मन नावातली तीन अक्षरं उचलली, आय-एच-जी. जर्मन उच्चारात ती 'इ-हा-गे' होतात. १९३३ मध्ये त्यांनी छोट्या रोल फिल्मवर चालणारा पहिला एक्झाक्टा काढला आणि १९३६ मध्ये 'कीने एक्झाक्टा'. कीने म्हणजे सिनेमा. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, म्हणून हे नाव. तोवर लायकासारख्या छोट्या कॅमेऱ्यांत फोटोग्राफर एका खिडकीतून बघायचा आणि फिल्म लेन्समधून बघायची. दोघांच्या बघण्यात थोडा फरक पडायचा आणि जवळची वस्तू टिपताना तर जास्तच. कीने एक्झाक्टात लेन्सच्या मागे तिरका आरसा होता. लेन्सला जे दिसतं तेच तुम्हाला दिसणार. बटण दाबलं की आरसा वर उचलला जाणार आणि तोच प्रकाश फिल्मवर पडणार. आज ज्याला आपण एसएलआर म्हणतो, त्या ३५ मिलिमीटरच्या घराण्याची सुरुवात बहुतेक जण याच कॅमेऱ्यापासून मोजतात.

त्याचा आराखडा कार्ल न्युख्टरलाइन या इंजिनिअरचा. या माणसाने एकाच डब्यात काय काय बसवलं ते बघून अजून थक्क व्हायला होतं. उजवीकडच्या त्या भल्यामोठ्या चकतीत घड्याळासारखी चावी आहे. ती पिळून ठेवली की बारा सेकंदांपर्यंतचं एक्सपोजर कॅमेरा स्वतः मोजतो, ना बॅटरी, ना सेल. त्याच चकतीवरचे लाल आकडे लावले की तुम्हाला धावत जाऊन फोटोत उभं राहायला वेळ मिळतो. दुसऱ्या टोकाला सेकंदाचा हजारावा भाग. आणि पोटात चक्क एक सुरी! तळाची कळ सोडवून ओढली की फिल्म आतल्या आत कापली जाते, म्हणजे अर्धाच रोल धुवायला काढता येतो, उरलेला नंतर वापरता येतो. प्रयोगशाळांमध्ये, सूक्ष्मदर्शकांवर, डॉक्टरांकडे हा कॅमेरा का आवडता होता ते अशा गोष्टींवरून कळतं.

या सगळ्यात बटण डावीकडे, ही तेव्हा कुणाला खोडी वाटली नसावी. १९३६ साली एसएलआरचं बटण कुठे असावं, याचा काही प्रघातच नव्हता. प्रघात नंतर पडला. मला या गोष्टीची गंमत वाटते. आपण 'उलटा' म्हणतो तो कॅमेरा सगळ्यांच्या आधी आला होता.

डोळ्यालाही तो सुरुवातीला उलटाच वाटतो. माझ्या कॅमेऱ्यावर वरून बघायचा व्ह्यूफाइंडर आहे. कॅमेरा पोटाशी धरायचा, झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेवरचं चित्र बघायचं. चित्र सुलटं असतं, पण डावं-उजवं बदललेलं, आरशातल्यासारखं. ट्रॅम उजवीकडे निघालेली असते आणि काचेवर ती डावीकडे पळते. तिच्या मागे कॅमेरा वळवायला गेलात की हमखास चुकता. मला मात्र ते चटकन जमलं. घाईत डावं-उजवं न कळण्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.

युद्धात ड्रेस्डेनचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत इहागेचा कारखानाही गेला. न्युख्टरलाइन सैन्यात भरती झाला होता. तो परतलाच नाही. पण त्याचा आराखडा उरला. पूर्व जर्मनीच्या त्या विस्कटलेल्या दिवसांत लोकांनी जमेल तिथे पुन्हा तोच कॅमेरा बांधायला घेतला. १९४९ मध्ये याच शहरात त्साइस इकॉनने काँटॅक्स एस काढला. त्यात डोक्यावर पंचकोनी प्रिझम होतं, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून सगळं सरळ दिसू लागलं. इहागेने पुढच्याच वर्षी त्यावर आपलं उत्तर दिलं. १९५० च्या व्हॅरेक्समध्ये व्ह्यूफाइंडरच बदलता येतो. हवं तर प्रिझम लावा, हवं तर वरून बघा. त्यानंतर व्हॅरेक्स व्हीएक्स, १९५७ चा IIए, १९६३ चा IIबी, १९६७ चा व्हीएक्स १०००. अमेरिकेत 'व्हॅरेक्स' शब्द गाळून नुसता व्हीएक्स. हिचकॉकचा १९५४ चा 'रिअर विंडो' ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हा कॅमेरा पाहिलेला आहे. पायाला प्लास्टर घातलेला जेम्स स्टुअर्ट खिडकीतून शेजाऱ्यांवर ज्या लांबलचक लेन्सने नजर ठेवतो, ती एक्झाक्टाला लावलेली आहे. नाव तेवढं झाकलेलं आहे.

या सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, की मला आमच्या ऑफिसातले वाद आठवतात. जुन्या ग्राहकांचं काही मोडू न देता नवं कसं आणायचं, हा आमचा रोजचा प्रश्न. एक्झाक्टाने १९३६ ला लेन्स बसवायची जी खाच ठरवली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. १९३६ ची लेन्स १९६७ च्या कॅमेऱ्यावर खट्कन बसते. ज्याने पोटाला चिमटा काढून त्साइसची महागडी लेन्स घेतली, त्याला कंपनीने कधी वाऱ्यावर सोडलं नाही. जपानच्या टॉपकॉननेसुद्धा आपल्या कॅमेऱ्यांसाठी तीच खाच उचलली.

पण त्याची किंमतही मोजावी लागली. फोटो काढताना लेन्सचं छिद्र आपोआप लहान व्हावं, ही सोय पन्नासच्या दशकात सगळ्यांना हवी झाली. इतरांनी ती कॅमेऱ्याच्या पोटातून केली. इहागेला खाच बदलायची नव्हती, म्हणून त्यांनी लेन्सलाच एक बाहेरचा हात काढला. तो हात कॅमेऱ्याच्या बटणासमोर येऊन बसतो. तुम्ही त्याचं बटण दाबता, ते लेन्सचं छिद्र लहान करतं आणि मागचं खरं बटण दाबतं. जुना कोड न मोडता बाहेरून लावलेलं असं ठिगळ मी स्वतः कितीदा लावलंय! काम करतं, आणि ते बघून थोडी लाजही वाटते. तोवर तिकडे असाही कंपनीने १९५४ मध्येच फोटोनंतर लगेच खाली येणारा आरसा आणला होता, १९५९ मध्ये निकॉन एफ आला होता. एक्झाक्टाचा आरसा बटण दाबल्यावर वरच राहायचा. पुढचा दांडा ओढेपर्यंत समोर काळोख. तो आपोआप खाली यायला व्हीएक्स १००० उजाडावा लागला.

इथे माझा एक आक्षेप नोंदवतो. जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांत बसलं की कुणीतरी सहज म्हणतं, "डाव्या हाताचा होता ना, म्हणून बुडाला." मला हे पटत नाही. याच कंपनीने १९५१ पासून 'एक्झा' नावाचा गरीब धाकटा भाऊ बनवला. त्यात आरसाच शटरचं काम करायचा आणि सुरुवातीला वेग सेकंदाच्या दीडशेव्या भागापुढे जात नव्हता. बटण मात्र डावीकडेच. तो एक्झा रूपं बदलत बदलत १९८७ पर्यंत विकला गेला, मोठा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. डावा हात दोषी असता तर धाकटा आधी गेला असता. एक्झाक्टा मागे पडला तो आरशामुळे, प्रकाश मोजायची सोय आत यायला लागलेल्या उशिरामुळे, आणि मालकी कुणाची यावरून पूर्व-पश्चिमेत झालेल्या ओढाताणीमुळे. पण जो वेगळा दिसतो त्याच्या अपयशाचं कारण शोधायला लोक लांब जात नाहीत. माझं गणित कच्चं होतं तेव्हा पहिलीतल्या बाईंनीही तेच कारण सांगितलं होतं.

मोठ्या भावाचा शेवटचा अवतार म्हणजे आरटीएल १०००. तोवर इहागे पेंटॅकॉन या सरकारी कारखान्यात विरघळली होती आणि हा कॅमेरा प्राक्टिकाच्या सांगाड्यावर बांधला गेला. दांडा उजवीकडे आला, बटणही उजवीकडे आलं. आणि तरी त्यांनी डावीकडे दुसरं बटण ठेवलं, बाहेरचा हात असलेल्या जुन्या लेन्स घेऊन येणाऱ्यांसाठी. एका कॅमेऱ्याला दोन बटणं! लोक या मॉडेलला फारसं मानत नाहीत, आणि दिसायला तो खरोखरच एक्झाक्टा वाटत नाही. मला त्या दुसऱ्या बटणाबद्दल आदर आहे. ते ठेवायचा निर्णय ज्या बैठकीत झाला, तिथे कुणीतरी 'जुन्या लोकांचं काय?' असं नक्की विचारलं असणार.

माझ्या कॅमेऱ्याचा पहिला रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके होते, जणू भर जुलैत बर्फ पडतोय. शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा असतो. साठ वर्षांनी त्याला टाचणीएवढी भोकं पडतात. शोधत शोधत एका निवृत्त कारागिरांकडे पोचलो. ऐंशीच्या घरातले, तळघरात टेबल, टेबलावर घड्याळजीसारखी हत्यारं. उमेदवारीपासून ते इथल्याच कॅमेरा कारखान्यात होते. १९९० मध्ये जर्मनी एक झाला आणि त्याच वर्षी पेंटॅकॉन मोडीत काढायचं ठरलं. हजारो लोक घरी बसले, त्यात हेही. "पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला नवं काय शिकवणार?" एवढंच म्हणाले आणि पडद्याचं कापड कापायला लागले. मी माझ्या वयाचा हिशेब केला, एआयच्या बातम्या आठवल्या, आणि विषय बदलला. त्यांना विचारलं, तुम्ही डावखुरे का? नाही म्हणाले. कारखान्यात तसे फार कमी होते. चार दिवस कॅमेरा वापरला की हात शिकतो, त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं, हे आपल्याला जमत नाही. आपली भाषाच बघा ना. जो सरस तो 'उजवा'. मुलीचं लग्न करून दिलं की ती 'उजवली'. ज्याला बाजूला सारायचं त्याला 'डावललं'. जर्मनही काही कमी नाहीत. त्यांच्याकडे डाव्यावरून आलेल्या शब्दाचा अर्थ गबाळा. पण लेकीच्या बालवाडीत पहिल्या आठवड्यात ताईंनी डावखुऱ्या मुलांची वेगळी कात्री तिच्या नावाच्या खणात ठेवली, आम्हाला न विचारता, न सांगता. आणि इथे काटा डाव्या हातात धरायलाच शिकवतात. म्हणजे आजीच्या मते ही सगळी शाळाच चुकीच्या हाताने जेवते.

आईला दोष देणं सोपं आहे. तिच्या घरात हात दोन आणि कामं ठरलेली होती. एक हात ताटाला, एक हात धुण्याधावण्याला. ज्या घरात नळ अंगणात होता तिथे तो नियम वेडेपणाचा नव्हता. शिवाय तीच सांगते, की आता तिच्या सोसायटीत डावखुऱ्या मुलांना कुणी अडवत नाही. अडवतो ते आपण, बाहेर आलेले. गेल्या वर्षी इथल्या गणपतीत आरती झाली, प्रसादासाठी लेकीने डावा हात पुढे केला. आई तिथे नव्हती. चार लोकांसमोर "उजवा हात पुढे कर" असं म्हणणारा मी होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले. प्रसाद घेतलाच नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही. देश सोडताना माझ्यासोबत जी आवृत्ती आली, तीच मी चालवतोय. तिकडे ती कधीच बदलली.

या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे होती. एका रविवारी तिने पुरण घातलं. मी कॅमेरा जेवणाच्या टेबलाच्या टोकाला पुस्तकांवर ठेवला, फोकस लावून दिला, आणि लेक स्टुलावर उभी राहून वरून काचेत बघत होती. तिला बटण कुठे आहे हे सांगावं लागलं नाही. आईने पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला.

"आजी डाव्या हाताने खातेय!" लेक ओरडली.

आईने दचकून आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग पानाकडे. मग माझ्याकडे. "काय म्हणतेय ही?" मी तिला उठवून कॅमेऱ्याजवळ आणलं आणि लेकीला तिच्या जागी बसवलं. आई वाकली. काचेवर तिची नात पोळी खात होती. डाव्या हाताने खात असणार, कारण काचेवर ती उजव्या हाताने खात होती. आई बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. मग म्हणाली, "असं बघायला बरं वाटतं." आणि लगेच, "पण म्हणून खरं नाही हो ते."

मग तिला फोटो काढायचा होता. उजवी तर्जनी त्या चकतीवर फिरत राहिली. लेक तोंडात घास घेऊनच म्हणाली, "आजी, लिंक्स."

रोल धुऊन आला. ठिपके गेले होते. नेगेटिव्हला आरसा लागत नाही, त्यामुळे फोटोत सगळे आपापल्या हाताने जेवताना दिसतात. लेकीने काढलेल्या फोटोत आजीचं डोकं कपाळावर कापलं गेलंय. आईने काढलेला थोडा हललाय, पण लेकीचा डावा हात आणि त्यातली तुपाने चमकणारी पोळी स्पष्ट आहे. आईने आपलं कापलेलं डोकं बघून नापसंती दर्शवली आणि दुसरा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली मावशीने विचारलं, "ही डाव्या हाताने जेवते?" आईने उत्तर दिलं, "पुरण कसं झालंय ते बघ."